आवाज आणि ताकद : सायलेन्सर बदलल्यावर इंजिन मोजायचं का?



मागचं व्याख्यान संपल्यावर एक मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "सर, गाडीला नवीन एक्झॉस्ट टाकलाय. आता डायनोवर नेऊन ट्यूनिंग करून घेऊ का? मित्र म्हणतात, पैसे वाया घालवू नकोस, गाडी पळतेय की." मी त्याला म्हटलं, याचं उत्तर जिन्यात नाही देता येणार, एक तास लागेल. तर आजचा तास त्याच्यासाठी. आणि मी इतिहासाचा माणूस असल्यामुळे सुरुवात जरा लांबून करणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

डायनो म्हणजे डायनामोमीटर, ताकद मोजायचं यंत्र. ताकद मोजायची गरज पहिल्यांदा लागली ती विक्रेत्याला. जेम्स वॅट वाफेची इंजिनं विकत होता आणि त्याचं गिऱ्हाईक होतं घोडे बाळगणारं. ते विचारणार, तुझं यंत्र माझे किती घोडे वाचवेल? म्हणून वॅटने हिशेब बांधला : एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे बघा, हॉर्सपॉवर हा शब्द जन्मालाच आला तो विक्रीच्या बोलीत. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पण आकडा ठरवला तरी मोजायचा कसा? १८२१ साली गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने सोपी युक्ती काढली. फिरत्या दांड्यावर लाकडी ठोकळे आवळायचे, त्यांना एक लांब दांडी जोडायची आणि दांडीच्या टोकाला वजनं टांगायची. इंजिन ठोकळ्यांना फिरवू बघतं, वजनं त्यांना धरून ठेवतात. दोघांची बरोबरी झाली की वजन, दांडीची लांबी आणि फेरे यांवरून ताकद निघते. इंजिनाला ब्रेक लावून मोजलेली ताकद, म्हणून 'ब्रेक हॉर्सपॉवर'. गाडीच्या माहितीपत्रकात बीएचपी लिहितात ना, त्यातला 'बी' हा असा आला. पुढे १८७७ मध्ये विल्यम फ्राउड यांनी ब्रिटिश नौदलासाठी लाकडाच्या जागी पाण्याचा ब्रेक केला. पण तत्त्व तेच राहिलं : इंजिनाला अडवा, आणि ते किती जोराने ढकलतंय ते बघा.

आता आपण सायलेन्सरकडे येऊ. सायलेन्सर ही धूर बाहेर सोडायची नळी, असं पुष्कळ वर्षं लोक समजत होते, आणि अजूनही समजतात. नळी जितकी मोकळी तितकी गाडी पळणार, हा तर्क. तो किती अपुरा आहे हे ज्यांनी दाखवलं त्यांत एक मोठं नाव आहे वॉल्टर काडेन. पूर्व जर्मनीतलं त्शोपाऊ हे छोटं गाव, तिथला एमझेड हा मोटारसायकलींचा कारखाना. १९५३ पासून तिथल्या रेसिंग विभागाची सूत्रं काडेन यांच्याकडे होती. पैसा कमी, सामान कमी, आणि समोर होंडासारखे प्रतिस्पर्धी.

काडेन टू-स्ट्रोक इंजिनावर काम करत होते. या इंजिनात एक्झॉस्टला झडप नसते. पिस्टन खाली सरकला की सिलिंडरच्या भिंतीतली भोकं उघडतात. जळलेला वायू बाहेर जातो आणि ताजं मिश्रण आत येतं, जवळजवळ एकाच वेळी. त्यामुळे ताज्या मिश्रणातलं काही न जळताच मागच्या दाराने पळून जातं. पण वायू बाहेर पडताना नळीत दाबाची लाट धावते. नळी जिथे रुंदावते तिथून लाट उलटून खेच निर्माण करते, आणि जिथे निमुळती होते तिथून दाब परत येतो. ही खेच आणि हा दाब नेमक्या वेळी सिलिंडरपाशी पोचले, तर आधी धूर ओढला जातो आणि मग पळून चाललेलं मिश्रण पुन्हा आत ढकललं जातं. मध्ये फुगलेला, शेवटी निमुळता असा जो सायलेन्सर आपण टू-स्ट्रोक रेसिंग गाड्यांना बघतो, तो आकार यासाठी. ही कल्पना एकट्या काडेन यांची नव्हती, त्याआधीही जर्मनीत प्रयोग झाले होते. काडेन यांनी ती मोजून-मापून तडीस नेली.

'नेमक्या वेळी' म्हणजे किती नेमकं? मिनिटाला १०,००० फेऱ्यांना एक फेरा सहा मिलिसेकंदांत संपतो. त्यातल्या निम्म्या वेळात सगळा खेळ. हे कानाने कळत नाही, हाताला जाणवत नाही. काडेन यांनी ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या लाटा पाहिल्या, नळ्या बदलल्या, पुन्हा मोजलं. १९६१ च्या सुमाराला त्यांच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे एका लिटरला २०० चा दर. हवा दाबून न भरता एवढा दर त्याआधी कुठल्या इंजिनाने गाठला नव्हता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि सप्टेंबरमध्ये काडेन यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे निघून गेला. त्याच्याबरोबर एमझेडचं ज्ञान सुझुकीकडे गेलं आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटाचं जगज्जेतेपद सुझुकीवर बसून डेग्नरनेच मिळवलं. ही गोष्ट लोक हेरकथेसारखी सांगतात. मला तिच्यात वेगळं दिसतं. चोरण्याजोगं तिथे काय होतं? पत्रा तर कुणीही वाकवतो. मोल होतं ते मोजून काढलेल्या मापांना.

आता आपल्याकडे. १९८३ साली राजदूत ३५० आली, यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. मूळ गाडी ३९ अश्वशक्तीची. आपल्याकडे आली ती सुमारे ३० ची आणि नंतर सुमारे २७ ची. 'हाय टॉर्क' आणि 'लो टॉर्क' हे शब्द जुन्या मंडळींना आठवत असतील. ॲव्हरेज वाढावं म्हणून कारखान्याने सिलिंडरची भोकं आणि सायलेन्सर बदलले होते. म्हणजे सायलेन्सर कारखान्याने बदलला तेव्हासुद्धा त्याने तो एकटा बदलला नाही. इंजिन आणि सायलेन्सर हा जोडा आहे, एक हलवला की दुसरा हलतो.

पण हे आम्हाला कोण सांगणार? आमच्या पिढीचं दैवत आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि पिकअप असा की काय सांगू. कॉलेजात असताना मी एका गॅरेजात सायलेन्सरच्या आतली जाळी काढून घेतली. आमच्या भाषेत 'पुंगळी' केली. आवाज असा सुटला की अख्खी गल्ली खिडकीत. मला वाटलं, गाडी दुप्पट पळतेय. मेकॅनिकला मी विचारलं होतं, कार्बोरेटरचा जेट बदलायचा का? तो म्हणाला, "काय गरज नाय, बिनधास्त पळव."

पळवली. सातारा रस्त्यावर, शिरवळच्या अलीकडे, मागे मित्र बसलेला, मूठ पूर्ण पिळलेली. अचानक इंजिनाचा सूर पातळ झाला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक झालं. पिस्टन धरला होता. क्लच दाबायचं सुचलं, म्हणून आज इथे उभा आहे. मागून ट्रक येत नव्हता, हे नशीब.

झालं काय होतं? मोकळ्या सायलेन्सरमुळे इंजिन जास्त हवा घेत होतं, जेटमधून पेट्रोल मात्र पूर्वीइतकंच येत होतं. मिश्रण पातळ, म्हणजे उष्णता जास्त. आणि टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल पिस्टनला गारही ठेवत असतं. रिबोअर करावं लागलं. आणि गाडी खरंच जोरात पळत होती का? ते मला आजही ठाऊक नाही. मी मोजलंच नव्हतं, मी फक्त ऐकलं होतं.

त्या काळी मोजणार तरी कुठे? पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे, इंजिनं बाकावर चढवून तपासणारी. पण ती कारखान्यांसाठी, तुमच्या-माझ्यासाठी नव्हे. गॅरेजवाल्याला परवडेल असा मार्ग १९८० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत रुळू लागला. गाडीचं मागचं चाक एका जड रुळावर ठेवायचं आणि मूठ पिळायची. रुळाचं जडत्व माहीत आहे, तो किती झपाट्याने वेग घेतो ते मोजायचं, त्यावरून ताकद. इंजिन उतरवायला नको. डायनोजेट या कंपनीने ही पद्धत घरोघरी नेली, आणि ती कंपनी आधीपासून काय विकत होती माहीत आहे? कार्बोरेटरचे जेट. सायलेन्सर बदलणाऱ्याला जेट लागतो आणि जेट बरोबर बसला का ते बघायला मोजमाप लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता आजची गाडी. जेट गेला, संगणक आला. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू झाल्यावर फ्युएल इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे पोचलं. सोबत धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, जो १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारीत पहिल्यांदा आला होता. त्यामुळे मुलाचे मित्र म्हणतात, "गाडी स्वतःच ॲडजस्ट करते." हे अर्धं खरं आहे, आणि कुठलं अर्धं ते समजून घ्या.

गाडीच्या संगणकात एक कोष्टक असतं : मूठ इतकी, फेरे इतके, तर पेट्रोल इतकं. पंचांग समजा. हळू, एका चालीने जाताना संगणक पंचांग बघतो, पण सेन्सरच्या खिडकीतून बाहेर आभाळही बघतो. मिश्रण चुकलं तर दुरुस्त करतो, एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा राखतो. पण मूठ पूर्ण पिळली की बहुतेक गाड्यांत खिडकी बंद होते आणि फक्त पंचांग उरतं. तिथे ताकदीसाठी साधारण १३ ला १ असं दाट मिश्रण लागतं. आणि ते पंचांग छापलेलं आहे जुन्या सायलेन्सरसाठी.

म्हणून उत्तर एका शब्दात नाही देता येत. तुम्ही फक्त शेवटचा डबा बदलला असेल, पुढची नळी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर असतील, एअर फिल्टर मूळचा असेल, तर बहुधा थोडं वजन कमी झालंय आणि आवाज बदललाय. इथे पूर्ण ट्यूनिंगला पैसे घालण्याआधी नुसतं मोजून घ्या. मिश्रण ठीक निघालं तर घरी जा. पण इंजिनापासून अख्खी नळी बदलली, शिवाय फिल्टर मोकळा केला, तर ट्यूनिंग हा त्याच कामाचा उरलेला अर्धा भाग आहे. तो सोडला तर शिरवळ आहेच. फोर-स्ट्रोक असं एकदम धरत नाही एवढंच. झडपा हळूहळू जळतात.

मात्र डायनोवाल्याकडे गेलात तर वॅटची आठवण ठेवा. हॉर्सपॉवर हा विक्रीचा शब्द आहे. कारखाना सांगतो ती ताकद क्रँकवरची, डायनो दाखवतो ती चाकावरची. मध्ये गिअर आणि चेन आपला वाटा घेतात. हवेचाही वाटा आहे. तीच गाडी मुंबईत आणि महाबळेश्वरला मोजली तर वर विरळ हवेमुळे ताकद दहाएक टक्क्यांनी कमी येईल. म्हणून आकडे प्रमाण हवामानाला आणून दाखवतात, आणि प्रमाणही एकच नाही. तेव्हा दोन यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी भांडायला लावू नका.

तीन गोष्टी मागा. आधीचा आणि नंतरचा आलेख, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी. ताकदीबरोबर मिश्रणाचा आलेख. आणि विचारा, यंत्र इंजिनाला एका फेऱ्यांवर अडवून धरू शकतं का? नुसता रूळ पूर्ण मुठीचं सांगतो. कोष्टकाचा घर न् घर भरायचा तर ब्रेक लागतो. म्हणजे पुन्हा प्रोनी! आणि शिखराचा आकडा बघू नका, मधला भाग बघा. रोज गाडी चालते ती तिथेच.

शेवटचं, कटू वाटलं तरी. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२ : कारखान्याच्या मूळ नोंदीहून वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. आवाज-धुराच्या कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड आणि कैदही आहे. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवलेला तुम्ही पाहिला असेल. डायनोचा कागद तिथे चालत नाही, आणि पीयूसीही ढाल नाही; ती गाडी जागेवर उभी ठेवून तपासते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी ट्रॅकवरच शोभते.

त्या मुलाला म्हणून एवढंच सांगतो : बाळा, तुझे मित्र म्हणतात गाडी पळतेय. मीही तेच म्हणत होतो, शिरवळपर्यंत. आवाज वाढला की ताकद वाढली असं कानाला वाटतं, आणि ते खरं की खोटं हे कानाला कधीच कळत नाही. त्शोपाऊच्या त्या माणसाकडे पैसे नव्हते, तरी मोजणं त्याने सोडलं नाही. आधी मोज. ट्यूनिंग करायचं की नाही, ते मग आलेखच सांगेल.

प्रश्न असतील तर आता घेऊ, जिन्यात नको.