ग्राफिक्स ड्रायव्हरमधील कॅश-सुसंगती

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना सामायिक मेमरीतील माहिती सारखीच दिसावी, यासाठी कर्नलमधील ड्रायव्हरने सांभाळायची व्यवस्था. प्रोसेसरने लिहिलेले लगेच मेमरीत उतरतेच असे नाही; ते काही काळ त्याच्या कॅशमध्ये राहते. तेवढ्यात चिपने मेमरी वाचली, तर तिच्या हाती शिळी माहिती लागते. आजच्या एक्स८६ प्रोसेसरवर कॅशची ओळ ६४ बाइटची, म्हणजे ३२ बिटांच्या १६ पिक्सेलांची असते. त्यामुळे साध्या ओळवार मांडणीच्या चित्रात हा दोष तेवढ्याच लांबीच्या आडव्या तुटक रेघांनी ओळखू येतो.

यावर कॅशच्या ओळी वेळीच मेमरीत उतरवाव्या लागतात, नाहीतर मेमरीची ती पाने कॅशला वगळून लेखन एकत्र करणाऱ्या ‘राइट-कंबाइनिंग’ प्रकारची ठेवावी लागतात. अशा पानांवर सलग लेखन वेगाने होते, वाचन मात्र फार रखडते. पानांचा प्रकार बदलणेही खर्चिक. म्हणून लिनक्समधील टीटीएम ही ग्राफिक्स-मेमरी सांभाळणारी यंत्रणा तयार पानांचा साठा राखते. २००८च्या अखेरीस लिनक्स २.६.२८मध्ये आलेल्या ‘जेम’ या तशाच दुसऱ्या यंत्रणेत इंटेलच्या ड्रायव्हरने प्रत्येक बफर सध्या कोणाच्या वापरात आहे याची नोंद ठेवली.

२०११च्या सँडी ब्रिजपासून इंटेलच्या अनेक चिपांत प्रोसेसर व ग्राफिक्स यांची शेवटच्या पातळीची कॅश एकच झाली. परंतु पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग त्या कॅशमध्ये डोकावत नाही, म्हणून त्याच्या बफरची काळजी ड्रायव्हरला वेगळी घ्यावी लागते.