ओवी आणि कामगाराचे पोर



ज्ञानेश्वरी कठीण आहे, ती विद्वानांनी वाचावी, कामगाराच्या पोराला सोपे काही द्यावे, असे म्हणणारे सज्जन मला वारंवार भेटतात. त्यांना उत्तर म्हणून थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सुमारे नऊ हजार ओव्यांत मराठीत आणला, तो संस्कृत न जाणणाऱ्यांसाठीच. काळ लोटला, प्रतींत अपपाठ शिरले. १५८४ साली एकनाथांनी पोथी शुद्ध केली. पुढे शब्द जुने झाले, तरी ग्रंथ लोकांच्या कानांतून गेला नाही. कोकणातून आणि घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या माणसांनी टाळ-पोथी बरोबर आणली. चाळीचाळीत भजनी मंडळे निघाली. तेथे पोरांना अर्थ कोणी विचारीत नसे. आधी कान भरत, अर्थ सवडीने येई.

माझे वडील घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातील एका कारखान्यात होते. सप्ताहाला ते मला शेजारी बसवीत. एकदा शाळेत ओवीचा अर्थ विचारला गेला. मला तो सांगता आला नाही. पुढची ओवी मात्र मी घडाघडा म्हटली. वर्ग हसला. घरी रडत सांगितले, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, मला तरी कुठे सगळी कळते? पण म्हणून सोडायची नाही." पुढे युनियनच्या कामात करारातली इंग्रजी कलमे पुढ्यात आली, तेव्हा न कळलेले वाक्य चारचारदा वाचण्याची ही सवयच कामी आली. जो कामगार कठीण वाक्याला भितो, तो सही करून मोकळा होतो आणि मागाहून पस्तावतो.

१९२६ साली जन्मलेले नारायण सुर्वे गिरणी कामगार दांपत्याच्या घरी वाढले. लहानपणीच शाळा सुटली. पुढे ते शाळेत शिपाई आणि मग शिक्षक झाले. १९६२ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला, 'ऐसा गा मी ब्रह्म'. त्यातला 'गा' पाहा. श्रोत्याला हाक मारण्याची ही ज्ञानेश्वरांच्या काळची रीत आहे. कामगाराच्या कवीने ती आपल्या नावावर करून घेतली. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

तेव्हा आपल्या वाचनालयात एखादे पोर जाडजूड पोथी मागेल, तर "तुला कळेल का?" असे विचारू नका. पोथी द्या, आणि परत करण्याची तारीख जरा लांबची घाला.