वसाहतकालीन भारतातील युरोपीय सैनिकांचे आरोग्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या युरोपीय सैनिकाला रणांगणापेक्षा रोगाचे भय अधिक होते. ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यस्थितीच्या चौकशीसाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमण्यात आला. १८६३ च्या त्याच्या अहवालानुसार, त्यापूर्वीच्या दशकांत दरवर्षी दर हजारी सरासरी ६९ सैनिक मृत्युमुखी पडत. उष्ण कटिबंधात स्थलांतरित झालेला माणूस निरोगी कसा राहील, हा प्रश्न त्यामुळे साम्राज्याच्या अस्तित्वाशी जोडला गेला. या प्रश्नाच्या उत्तरांचा प्रवास प्रस्तुत लेखात अभ्यासला आहे.

हवामानाचा सिद्धांत :
प्रारंभी रोगाचे मूळ उष्ण हवेत आणि दलदलीतून उठणाऱ्या दूषित वाफेत मानले जाई. जेम्स लिंड (१७६८) व जेम्स जॉन्सन (१८१३) यांचे ग्रंथ याच विचारपरंपरेतील होत. मद्य व मांसाहारावर नियंत्रण, दुपारच्या उन्हापासून व रात्रीच्या हवेपासून बचाव, पोटावर फ्लॅनेलचा पट्टा अशी पथ्ये नवागतांना सांगितली जात. पोर्तुगीजांनी जागाच बदलली. वारंवारच्या साथींमुळे जुने गोवे ओस पडत गेले आणि १८४३ मध्ये पणजीला अधिकृतपणे राजधानीचा दर्जा मिळाला. मुंबई इलाख्यात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात महाबळेश्वर, तर १८५० नंतर माथेरान ही थंड हवेची ठिकाणे विकसित झाली.

यांतील काही उपाय चुकीच्या कारणांसाठी का होईना, उपयुक्त ठरले. रात्री घराबाहेर न पडणाऱ्यास डास कमी चावत, तसेच उंच प्रदेशात हिवतापाचा उपद्रव कमी असे. फ्लॅनेलचा पट्टा मात्र पटकीला रोखू शकत नव्हता, कारण तिचे मूळ पाण्यात होते.

हवेकडून पाण्याकडे :
भारतात कधीही न आलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लष्करी ठाण्यांकडून आलेल्या माहितीचे विश्लेषण केले. कोंदट बराकी, सांडपाण्याची दुरवस्था व अशुद्ध पाणी या मनुष्यनिर्मित दोषांकडे त्यांनी लक्ष वेधले. हा महत्त्वाचा वैचारिक बदल होता. हवामान बदलता येत नाही, परंतु विहीर आणि गटार सुधारता येते. १८६४ मध्ये तिन्ही इलाख्यांत स्वच्छताविषयक आयोग स्थापन झाले. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात पटकीचा जंतू ओळखला, तर १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवताप व डास यांचा संबंध सिद्ध केला. क्विनाइन, शुद्ध पाणी व सुधारलेल्या बराकी यांच्या एकत्रित परिणामामुळे पहिल्या महायुद्धापूर्वी सैनिकांचा मृत्युदर हजारी दहाच्या खाली आला. हवामान मात्र तेच राहिले होते.

आरोग्याची सीमारेषा :
तथापि या यशाला एक मर्यादा होती. सुधारणांचा प्रमुख लाभ छावणीला झाला. छावणीलगतच्या वस्तीकडे प्रामुख्याने रोगाचा उगम म्हणून पाहिले गेले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला. पुढे पुण्यात साथ रोखण्यासाठी सैनिकांकरवी घरझडत्या घेण्यात आल्या, तेव्हा आरोग्यरक्षणाचे रूपांतर दडपशाहीत झाले. त्यातून उसळलेल्या असंतोषाची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, परंतु सक्तीने दुरावलेल्या समाजाचा विश्वास संपादन करणे कठीण होते.

निष्कर्ष :
युरोपीय सैनिक भारताच्या हवेला 'सरावला' म्हणून वाचला, असे म्हणता येत नाही. त्याच्या भोवतालचे पाणी, निवास व सांडपाण्याची व्यवस्था बदलल्यामुळे तो वाचला. तेच पाणी व तीच व्यवस्था छावणीच्या भिंतीबाहेर वेळीच पोहोचली नाही, ही वसाहतकालीन आरोग्यधोरणाची खरी शोकांतिका होय. स्थलांतरितांच्या आरोग्याचा विचार यजमान समाजाच्या आरोग्यापासून वेगळा करता येत नाही, हेच या इतिहासातून स्पष्ट होते.