परतलेल्यांचे विद्यापीठ

१८७१ च्या डिसेंबरात योकोहामा बंदरातून अमेरिकेकडे निघालेल्या जहाजावर पाच जपानी मुली होत्या. त्यांतील सर्वांत धाकटी, त्सुदा उमे, अवघी सहा वर्षांची होती. सरकारने शिक्षणासाठी पाठविलेली ही बालिका अकरा वर्षे परक्या कुटुंबात लेकीसारखी वाढली. तेथेच तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८२ साली ती मायदेशी परतली तेव्हा मातृभाषा जवळजवळ विसरली होती. ज्या देशासाठी तिला शिकविले, त्या देशात स्त्रियांना विद्यापीठाचे दार बंद होते. उच्च शिक्षणासाठी तिला पुन्हा अमेरिकाच गाठावी लागली. पुढे १९०० साली दहा विद्यार्थिनींनिशी तिने काढलेली शाळा आज त्सुदा विद्यापीठ म्हणून उभी आहे, आणि २०२४ पासून पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. सन्मान झाला, पण किती उशिरा!

उमेचे दुःख विसाव्या शतकात हजारो घरांत शिरले. जपानी कंपन्यांचे नोकरदार सहकुटुंब परदेशी जाऊ लागले. १९७१ च्या सुमारास परदेशात शिकणारी शालेय वयाची जपानी मुले नऊ हजारांच्या आत होती. १९९० पर्यंत ती पन्नास हजारांच्या घरात गेली. आठवडाभर इंग्रजी शाळा आणि शनिवारी जपानी शाळा, असा त्यांतील अनेकांचा क्रम असे. परतल्यावर त्यांना ‘किकोकुशिजो’ हे नाव चिकटले. शब्दाचा अर्थ साधा, परतलेली मुले. परंतु उच्चारताना त्यात काहीतरी उणे असल्याचा सूर येई. सुमारे दोन हजार चित्रलिप्यक्षरे हाताखालून गेलेल्या मुलांशी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत त्यांनी कशी स्पर्धा करावी? त्यातून जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, तर अमेरिकेतील शाळा जूनमध्ये संपते.

या मुलांना वाट करून देणाऱ्यांत दोन ख्रिस्ती संस्था अग्रभागी होत्या. तोकियोजवळच्या मिताका येथील आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती विद्यापीठात १९५३ पासून दोन्ही भाषांत अध्यापन चालते आणि सप्टेंबरातही प्रवेश मिळतो. दुसरी संस्था येशूसंघीयांची, १९१३ साली स्थापन झालेली सोफिया. तेथे १९४९ पासून इंग्रजीतून शिक्षण देणारा विभाग होता. १९८७ साली त्याला स्वतंत्र विद्याशाखेचा दर्जा मिळाला.

सोफियाची मुळे थेट संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापर्यंत नेली जातात. जपानच्या राजधानीत विद्यापीठ व्हावे, ही त्यांची मनीषा होती. येथे आपल्याला गोव्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे, आणि ते केवळ संतांच्या अवशेषांमुळे नव्हे. कागोशिमाचा अंजिरो १५४८ साली गोव्यातच संत पॉल महाविद्यालयात शिकला, तेथेच त्याचा स्नानसंस्कार झाला, आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी तो झेवियरांसह आपल्या गावी उतरला. परदेशी शिकून परतलेला तो एक जुना ‘किकोकु’च म्हणावयाचा.

१९८० च्या दशकात इतर विद्यापीठांनीही परतलेल्यांसाठी राखीव जागा ठेवल्या. त्यांत निबंध व मुलाखत यांना वजन मिळाले. रॉजर गुडमन या अभ्यासकाने १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक बोचरा मुद्दा मांडला: दीनवाणी म्हणून रंगविलेली ही मुले मोठ्या अधिकाऱ्यांची होती, म्हणूनच त्यांच्यासाठी दारे उघडली. मुद्दा खरा आहे. परदेशी मजुरी करून परतलेल्याच्या मुलासाठी एवढी धावाधाव झाली असती काय, हा प्रश्न मला पडतो. तरीही त्यामुळे त्या मुलांची घुसमट खोटी ठरत नाही. शाळेत इंग्रजीचा धडा वाचताना, सोबती हसू नयेत म्हणून, आपले अस्खलित उच्चार लपवून मुद्दाम जपानी वळणाने वाचणारी मुले त्यांच्यात होती. मिताकाच्या आवारात मात्र एकाच वाक्यात दोन भाषा मिसळून बोललेले कोणाला खटकत नसे.