पशुवैद्यक परिषदेची निवडणूक : मत कोणाचे, अध्यक्ष कोणाचा?

सोलापूर : शुक्रवार पेठेतील घरात पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचणारा डॉक्टर खरोखर पात्र आहे की नाही, हे ठरविणारी संस्था कोणती, असा प्रश्न शहरी वाचकाला सहसा पडत नाही. सिद्धेश्वर यात्रेतील जनावरांच्या बाजारात खिलार बैलाची तब्येत पाहणाऱ्यासही हाच नियम लागू असतो. या संस्थेचे नाव महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद. तिचे कार्यालय नागपूर येथे असून, तिच्या कारभाऱ्यांपैकी काही जण मतदानाने निवडले जातात.

या निवडणुकीचा पाया म्हणजे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४. पशुवैद्यकशास्त्राची मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडील नोंदणी असल्याखेरीज पशुवैद्यक म्हणून व्यवसाय करता येत नाही, हे या कायद्याचे मुख्य सूत्र आहे. डॉक्टरांसाठी जशी वैद्यक परिषद, वकिलांसाठी जशी बार कौन्सिल, तशीच ही व्यवस्था होय. गैरवर्तन सिद्ध झाल्यास नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा, म्हणजे व्यवसायच थांबविण्याचा, अधिकार परिषदेकडे आहे.

राज्य परिषदेवर नोंदणीकृत पशुवैद्यकांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे सदस्य केवळ चार. उर्वरित जागा अशा : राज्यातील पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे प्रमुख, पशुसंवर्धन संचालक व निबंधक हे पदसिद्ध, तिघे राज्य शासनाने नेमलेले, आणि एक राज्याच्या पशुवैद्यक संघटनेने नामनिर्देशित केलेला. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर अशी महाविद्यालये असलेल्या महाराष्ट्रात पदसिद्ध सदस्यांचीच संख्या निवडून आलेल्या चौघांपेक्षा सहज अधिक भरते. अध्यक्षाची निवड सर्वसामान्य मतदार करीत नाही; परिषदेचे सदस्य आपल्यातून ती करतात. त्यामुळे चारही जागा एकाच पॅनेलने जिंकल्या तरी अध्यक्षपद त्या पॅनेलकडे जाईलच, असे नाही. प्रचारात मात्र ही बाब क्वचितच सांगितली जाते.

कायद्यात या चार जागांसाठी जिल्हानिहाय वा विभागनिहाय वाटणी नाही. करमाळ्यातील पशुधन विकास अधिकारी, अक्कलकोटचा खासगी व्यावसायिक, दूध संघाच्या सेवेतील डॉक्टर आणि महाविद्यालयातील प्राध्यापक हे सारे एकाच यादीतील मतदार. साहजिकच सरकारी सेवेतील पशुवैद्यकांची संघटित मते निर्णायक ठरण्याची शक्यता अधिक, तर विखुरलेल्या खासगी व्यावसायिकांचा आवाज क्षीण राहतो.

मतदार होण्याची अट साधी वाटते. पण अनेकांची अडचण तेथेच होते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. ते राहून गेले तर नाव नोंदवहीतून वगळले जाऊ शकते आणि नोंदवहीत नाव नाही म्हणजे मतही नाही. बदलीच्या गावी गेलेल्याने पत्ता न कळविल्यास परिषदेचा पत्रव्यवहार जुन्याच पत्त्यावर जात राहतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा प्रारूप यादी प्रसिद्ध होताच आपले नाव तपासणे शहाणपणाचे.

खरा वाद मात्र ज्यांना मतच नाही त्यांच्याविषयी आहे. श्रेणी-२ च्या दवाखान्यांतून पशुधन पर्यवेक्षक व सहायक पशुधन विकास अधिकारी हे पदविका वा प्रमाणपत्रधारक कर्मचारी काम करतात. खेड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने 'डॉक्टर' तेच. कायद्यातील कलम ३० नुसार त्यांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवाच देता येतात आणि त्यांची यादी राज्य शासनाच्या २७ ऑगस्ट २००९ च्या अधिसूचनेत आहे. या मर्यादेवरून पदवीधर व पदविकाधारक यांच्यात वर्षानुवर्षे ताण आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राज्यातील गोठ्यांमध्ये शिरकाव केला, तेव्हा लसीकरणाचा भार दोघांनीही उचलला. पण परिषदेच्या मतपत्रिकेशी संबंध एकाचाच. पदवीधरांचे म्हणणे असे, की व्यवसायाचा दर्जा पदवीनेच राखला जातो. पदविकाधारकांचे म्हणणे असे, की रात्री-अपरात्री गोठ्यात उभे राहणाऱ्याला नियम करणाऱ्या सभागृहात जागा हवी. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायदा मात्र सध्या पहिल्या बाजूचा आहे.

राष्ट्रीय पातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषदेत अकरा सदस्य देशभरातील नोंदणीकृत पशुवैद्यकांमधून निवडले जातात. त्यांच्याबरोबर राज्यांचे पाच पशुसंवर्धन संचालक, महाविद्यालयांचे चार प्रमुख आणि अन्य नामनिर्देशित सदस्य बसतात. निवडून आलेल्यांची मुदत तीन वर्षांची. या परिषदेच्या निवडणुका न्यायालयीन वादांमुळे अनेकदा रखडल्या. २०२५ मधील निवडणुकीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्याकडे निर्वाचन अधिकारी म्हणून जबाबदारी आली आणि मतदानासाठी ऑनलाइन पद्धत ठेवण्यात आली. सोलापूरच्या पशुवैद्यकालाही राज्य नोंदवहीतील नावाच्या आधारेच या मतदानात भाग घेता येतो. त्यासाठी स्वतंत्र नोंदणी करावी लागत नाही.

पशुवैद्यकांच्या संघटनांच्या निवडणुका मात्र याहून वेगळ्या. तेथे वर्गणी भरणारा सभासद मतदार असतो, नियम संघटनेच्या घटनेचे असतात आणि निवडून आलेल्या अध्यक्षाला कोणाचीही नोंदणी रद्द करता येत नाही. दोन्ही निवडणुकांत उमेदवार पुष्कळदा तेच असल्याने गल्लत होते. पशुपालकाने वा कुत्रा पाळणाऱ्याने तक्रार करावयाची असेल, तर ती संघटनेकडे नव्हे, राज्य परिषदेच्या निबंधकाकडे करावी लागते. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही.