आपली नावे आणि आपल्या वंशावळी

समाजातील कुटुंबांच्या वंशावळी संकलित करीत असता एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. कोणी पणजोबांचे ‘पिराजी’ हे नाव ‘प्रतापराव’ असे लिहून पाठविले, तर कोणी ‘धोंडी’चे ‘धनंजय’ केले. हेतू वाईट नव्हता. जुनी नावे नव्या पिढीस अडाणी किंवा परकी वाटतात, इतकेच. तथापि नाव हा घराण्याचा जुन्यात जुना लेख होय. त्यातील अक्षर बदलले की पुरावा नाहीसा होतो.

२०२४ साली अहिल्यानगर असे नामांतर झालेल्या आपल्या जिल्ह्याचाच इतिहास पाहावा. अहमदनगर वसविणारा अहमद निजामशाह याचे घराणे ‘बहिरी’ या उपनावाने ओळखले जाई. त्याचा पिता मलिक हसन हा मूळचा ब्राह्मणपुत्र, आणि आजोबाच्या ‘भैरव’ या नावावरून हे उपनाव पडले, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. आपल्या खेड्यापाड्यांतील बहिरोबा तो हाच भैरव.

याच निजामशाहीच्या चाकरीत असलेल्या मालोजी भोसल्यांना नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसाने दोन पुत्र झाले, अशी परंपरा आहे. त्यांची नावे शहाजी व शरीफजी. ‘शाह’ म्हणजे राजा, हा शब्द फारसी. ‘शरीफ’ म्हणजे कुलीन, हा अरबी. आणि शेवटचा ‘जी’ आपला. शरीफजी १६२४ साली नगरजवळील भातवडीच्या लढाईत धारातीर्थी पडले. शहाजीराजांच्या पुत्राने स्वराज्य स्थापिले. या नावांनी त्या कुळास उणेपणा आला, असे कोण म्हणेल? मग ‘पीर’ म्हणजे वडीलधारा सत्पुरुष, या अर्थाच्या पिराजी नावाची आपणास लाज का वाटावी?

धोंडी, दगडू, भिकाजी, केरू या नावांमागे तर आईचे काळीज आहे. मुले जगत नसत, तेव्हा जन्मलेल्या मुलावर दृष्ट पडू नये, मृत्यूनेही त्याला टाकाऊ समजून सोडून द्यावे, म्हणून असे नाव ठेवीत. ते पुसणे म्हणजे त्या माउलीचे दुःख पुसणे होय.

परंतु सर्वांत मोठी उणीव स्त्रियांच्या नावांची. नगरला दीर्घकाळ राहिलेल्या नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी नाव बदलले नाही. मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे माहेरचे ‘मनकर्णिका’ हे नाव लग्नाबरोबरच मागे पडले होते. आपल्या घरोघरी हेच घडले आहे. आमच्याकडे आलेल्या पुष्कळ वंशावळींत आजीच्या नावाची जागा कोरी आहे. काहींत केवळ ‘अमक्याची पत्नी’ एवढीच नोंद आहे.

नव्या बाळाचे नाव प्रत्येकाने आपल्या आवडीने ठेवावे; त्यास आमची हरकत नाही. परंतु गेलेल्यांची नावे आपली नव्हेत, ती त्यांची आहेत. म्हणून सर्व बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, घरातील वृद्धांस आजच विचारावे आणि जे नाव जसे होते तसेच लिहावे. स्त्रियांची माहेर व सासर अशी दोन्ही नावे द्यावीत. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.