जतन, बिघाड आणि प्रत्यंतर

लिहून ठेवलेला मजकूर बिघडला असता तो पुन्हा कसा मिळवावा, हा पोथीशास्त्राचा जुना प्रश्न होय. गेल्या चाळीस वर्षांत तो एका अनपेक्षित क्षेत्रात नव्याने उपस्थित झाला आहे. व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा कामठीचा असो वा क्योटोचा, कित्येक आठवड्यांच्या खेळाची त्याने जतन केलेली नोंद, म्हणजे ‘सेव्ह’, एके दिवशी उघडेनाशी होते. अशा वेळी त्याच्यापुढे जी संकटे येतात, ती बहुतेक सर्व लेखनिकांना व संपादकांना पूर्वीच भेटलेली आहेत. केवळ साम्य दाखविण्यासाठी ही तुलना करावयाची नाही. बिघाड ओळखणे आणि बिघाड दुरुस्त करणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि दुसरी क्रिया स्वतंत्र प्रत्यंतरावाचून होऊ शकत नाही, एवढे तिच्यातून स्पष्ट व्हावे.

जपानात १९८६ साली निघालेल्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ह्या खेळात नोंद ठेवावयास यंत्रात जागाच नव्हती. खेळ थांबविताना राजा खेळाडूस वीस कानाअक्षरांचा एक ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगत असे. तो कागदावर उतरून घ्यावयाचा व पुढच्या वेळी जसाच्या तसा भरावयाचा. खेळाडूचे बळ, द्रव्य व शस्त्रे ही सारी त्या वीस अक्षरांत सामावलेली असत. म्हणजे प्रत्येक मुलगा लेखनिक झाला, आणि लेखनिकाचे सर्व प्रमाद त्याच्या हातून होऊ लागले. जपानी लिपीत ‘नु’ व ‘मे’, ‘वा’ व ‘ने’, ‘हा’ व ‘हो’ ह्या जोड्या दिसण्यात जवळच्या. शिवाय दोन बारीक रेघांनी ‘हा’चा ‘बा’ होतो. आपल्याकडील पोथ्यांत घ-ध, भ-म, थ-य, प-ष ह्यांचा जो घोटाळा आढळतो, त्याच जातीचा हा प्रकार. मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. त्या मंत्रात काही अंश केवळ पडताळणीसाठी घातलेला असे. अक्षर चुकले तर मंत्र बहुधा नाकारला जाई. कोणते अक्षर चुकले हे मात्र यंत्र सांगत नसे. ते खेळाडूच्या कागदावरच शोधावे लागे. ज्याने मंत्र दोनदा उतरून घेतला असेल, तोच निभावून जाई.

नाकारला जाण्याचे दुःख मोठे खरे. परंतु मराठी पोथ्यांच्या इतिहासाकडे पाहता ती एक कृपाच म्हणावी लागते. पोथीत शब्द चुकला तरी ओवी वाचता येते, आणि वाचता येते म्हणून चूक टिकते. ज्ञानेश्वरीचा पाठ असाच निमूटपणे बिघडत गेला. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, एकनाथांनी तो शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात स्वतःची ओवी मिसळू नये असे निक्षून बजावले. ही ताकीद म्हणजे त्या काळी उपलब्ध असलेली एकमेव पडताळणी होय. तिच्यामागे यंत्र नव्हते, फक्त संताचा अधिकार होता.

ह्याहून बोधप्रद कथा लीळाचरित्राची आहे, आणि तिचा प्रदेश कामठीस परका नाही. नागपूरहून रामटेककडे जाणारा रस्ता कामठीवरून जातो व पुढे कन्हान नदी ओलांडतो. इंग्रजांनी १८२१ साली कामठीस छावणी वसविली. त्यापूर्वी साडेपाच शतकांहून अधिक काळ आधी गुजरातेतील हरिपाळ रामटेकच्या यात्रेस निघाला होता, असे महानुभाव परंपरा सांगते. वाटेत ऋद्धिपुरास त्याला गोविंदप्रभू भेटले, आणि तोच पुढे चक्रधर झाला. चक्रधरांच्या प्रयाणानंतर, सुमारे १२७८ पासून, म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास राहून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्याने जी लीळा पाहिली त्याला जाऊन विचारावयाचे, आणि नागदेवाचार्यांकडून ती पडताळून घ्यावयाची, अशी त्यांची पद्धती होती.

चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीवरील खिलजी सैन्याच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ही मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा मानते. नंतरचा ग्रंथ उभा राहिला तो मुख्यतः स्मरणातून. हिराइसा ह्या स्त्रीस चरित्र मुखोद्गत होते व तिच्या पाठावरून ते पुन्हा लिहिले गेले. इतरांच्या आठवणींतूनही पाठ सिद्ध झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, हिराइसेची प्रत पोथीच्याच गाठोड्यात नव्हती. एकाच गाठोड्यात दहा पोथ्या असत्या, तर दहाही एकाच दिवशी गेल्या असत्या. आजचा खेळाडू सेव्हची दुसरी प्रत त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर ठेवतो, तेव्हा तो नेमके हेच करीत असतो.

पुनर्लेखनात पाठभेद निघणे अपरिहार्य होते. संकलकांनी ते बुजविले नाहीत. अमक्याच्या मते अशी हकीकत, तमक्याच्या मते तशी, असे सांगून त्यांनी भेद ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. संशयित पाठावर निश्चित पाठ गिरवून टाकण्याचा मोह त्यांना झाला नाही, ही भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अमोल गोष्ट आहे. ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून, शं. गो. तुळपुळे ह्यांनी १९६४ पासून, आणि नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते ह्यांनी १९७८ साली ह्या ग्रंथाच्या आवृत्त्या सिद्ध केल्या, त्यांना ह्या नोंदींचा आधार होता. पंथाने पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांतही लिहिल्या. त्यामुळे परक्या हाताची ढवळाढवळ टळली. परंतु किल्ली थोड्यांच्याच हाती राहिल्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत हे वाङ्मय विद्वानांस जवळजवळ अज्ञात राहिले.

१९८८ च्या तिसऱ्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये मंत्राऐवजी बॅटरीवर चालणारी स्मृती आली. तिच्यातील नोंदीस नाव दिले होते ‘साहसाची पोथी’. बॅटरी क्षीण झाली किंवा लिहिणे चालू असता वीज तुटली, तर ती पोथी पुसली गेल्याचे वृत्त खेळच खेदपूर्वक कळवी. ‘झेल्डा’च्या १९८७ च्या अमेरिकी आवृत्तीत यंत्र बंद करताना रीसेटची कळ दाबून धरण्याची सूचना होती, वीज उतरत असता प्रक्रियकाने भलतेच काही लिहू नये, हा तिचा हेतू. पुढे चांगल्या खेळांनी नवी नोंद प्रथम वेगळी लिहून पूर्ण करावयाची व मगच जुनीच्या जागी बसवावयाची, अशी शिस्त स्वीकारली. दूरच्या संगणकाशी आपोआप होणारे ‘सिंक’ मात्र पुष्कळांस बॅकअपच वाटते. वस्तुतः बिघडलेली नोंदही ते तितक्याच तत्परतेने चांगल्या नोंदीवर चढविते. भ्रष्ट पोथीवरून शंभर नकला झाल्या तरी साक्षीदार एकच, हे संपादकास ठाऊक असते.

म्हणून नोंद उघडेनाशी झाल्यास प्रथम खेळ व सिंक दोन्ही थांबवावे आणि बिघडलेली फाइल आहे तशी दुसरीकडे उतरून ठेवावी. नंतर खेळाने आपोआप ठेवलेली आधीची नोंद किंवा बाहेरील डिस्कवरची तारीखवार प्रत शोधावी, आणि दुरुस्तीचे प्रयोग करावयाचे तर ते उतरून घेतलेल्या प्रतीवर करावे. बिघडलेली मूळ फाइल मात्र पुसू नये; संकलकांनी वासना ठेवल्या, तशी तीही राहू द्यावी.